माणूस गेला, करार राहिला

मावशीच्या घराचं कुलूप उघडलं तेव्हा ओट्यावर मटकी भिजत घातलेली होती. सकाळी ती भिजत घालून मावशी दवाखान्यात तपासायला गेली, तिथेच तिला ठेवून घेतलं आणि चौथ्या दिवशी ती गेली. मटकीचं पाणी फेसाळलं होतं, घरभर आंबूस वास होता. दाराच्या कडीला दुधाची पिशवी, खाली चार दिवसांचे पेपर. मी आधी ते भांडं घासलं आणि मग घरमालकांना फोन लावला.

माणूस भला होता. ‘फार वाईट झालं. तुम्ही दिवसकार्य उरका, घराचं नंतर बघू,’ म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. नवव्या दिवशी एजंटचा फोन आला. ‘काका, ॲग्रीमेंटला सहा महिन्यांचा लॉक-इन आहे, म्हणजे त्याआधी घर सोडता येत नाही. चारच महिने झालेत. दोन महिन्यांचं भाडं कापावं लागेल, वर एक महिन्याची नोटीस. आणि उरलेले पैसे कोणाच्या नावावर द्यायचे त्याचा कागद लागेल. कोर्टाचा वारसदाखला आणा.’

मावशी सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेली. लग्न केलं नव्हतं. कर्वेनगरच्या त्या वन बीएचकेचं भाडं १४,००० रुपये, डिपॉझिट ५०,०००. लॉक-इनचे २८,००० आणि नोटिशीचे १४,००० गेल्यावर उरतात ८,०००. या आठ हजारांसाठी वारसदाखला. तिचे वारस कोण, तर साताऱ्याला माझी आई, नागपूरला एक मामा आणि बेळगावला एक. तिघंही सत्तरीच्या पुढचे. धावपळ मी करत होतो आणि मी तर वारसही नव्हतो.

रक्कम आमच्या घराला बुडवणारी नव्हती. पण त्या महिनाभरात मी ज्या ज्या माणसाशी बोललो त्याच्याकडे अशीच एक गोष्ट निघाली. कोणाचा भाऊ हिंजवडीत नोकरीला होता, कोणाची सासू ठाण्यात एकटी राहायची, कोणाचे वडील मुलगा अमेरिकेत म्हणून मुद्दाम दवाखान्याजवळ घर भाड्याने घेऊन राहिलेले. सगळीकडे तीच अडचण: माणूस गेल्यावर भाड्याचं घर सोडायचं कसं, कोणी सोडायचं, कधीपासून भाडं थांबतं आणि डिपॉझिट कोणाच्या हातात पडतं, याचं ठरलेलं उत्तर कोणाकडेच नाही. मालकाचा चांगुलपणा असेल तर निभावतं, नसेल तर डिपॉझिटवर पाणी सोडायचं. हे असं कोणाच्या भलेपणावर सोडून देण्याजोगं प्रकरण नाही. त्याला कायद्याचं साधं, सगळ्यांना ठाऊक असलेलं उत्तर हवं, एवढंच मला इथे म्हणायचं आहे.

भाडेकरू मेल्यावर काय, या प्रश्नाचा विचार आपल्या कायद्याने केलेलाच नाही असं नाही. भरपूर केला आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात तो होता, आणि त्याच्या जागी ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्येही आहे. कलम ७ च्या पंधराव्या पोटकलमात ‘भाडेकरू’ शब्दाची व्याख्या आहे. भाडेकरू वारला तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो. तसं कोणी नसेल तर वारस, आणि वारसांत एकमत नसेल तर कोर्ट ठरवेल तो. गिरगाव-लालबागच्या चाळींतल्या, पुण्यातल्या पेठांमधल्या वाड्यांतल्या पिढ्या या आधारावर घरात राहिल्या. बाप गेला म्हणून पोरांचं बिऱ्हाड रस्त्यावर येऊ नये, हा त्यामागचा विचार होता आणि तो योग्यच होता.

पण हा सगळा विचार राहू इच्छिणाऱ्याचा आहे. माणूस गेला आणि मागच्यांना ते घर नकोच आहे, त्यांना फक्त सामान काढून, किल्ली देऊन, हिशेब मिटवून मोकळं व्हायचं आहे, ही शक्यता कायद्याच्या डोळ्यांपुढे नव्हती. असणार तरी कशी? पागडीची खोली कोणी आपणहून सोडत नसे. तिची किंमत होती. आज पुण्या-मुंबईत जी घरं भाड्याने जातात ती जवळपास सगळी लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवान्यावर, अकरा महिन्यांसाठी, फार तर दोन-तीन वर्षांसाठी. इथे मागे राहिलेल्याला राहायचं नसतं, निघायचं असतं. घरं बदलली, माणसं बदलली, पण मृत्यूनंतरचा कायदा चाळीच्या काळातच थांबला.

लिव्ह अँड लायसन्स हा प्रकार इतका रुजला त्याला इतिहास आहे. घर एकदा दिलं की परत मिळत नाही, या भीतीने मालक भाडेकरू ठेवण्याऐवजी ‘परवान्यावर’ घर देऊ लागले. मग १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक घरात होते त्यांना कायद्याने भाडेकरू करून टाकलं, आणि मालकांनी आणखीच धसका घेतला. १९९९ च्या कायद्याने कलम २४ मध्ये मालकाला दिलासा दिला: मुदत संपली की घर रिकामं करून घ्यायला वेगळं सक्षम प्राधिकरण, आणि मुदतीनंतर बसून राहिलं तर दुप्पट आकार. कलम ५५ ने करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे असं सांगितलं. नोंदणीची जबाबदारी मालकावर, चूक केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. थोडक्यात, माणूस घर सोडत नाही तेव्हा काय करायचं याची तजवीज पक्की आहे. जगच सोडून गेला तर काय, यावर एक ओळ नाही.

मावशीचा करार मी त्या नवव्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचला. बहुतेक मसुद्यांत असतं तेच वाक्य त्याच्याही पहिल्या पानावर होतं. ‘लायसेन्सर’ म्हणजे वर नाव असलेली व्यक्ती आणि तिचे वारस, उत्तराधिकारी, मृत्युपत्राचे व्यवस्थापक वगैरे वगैरे. ‘लायसेन्सी’ म्हणजे मात्र फक्त वर नाव असलेली व्यक्ती. मी ते तीनदा वाचलं. मालकाच्या बाजूला अख्खी वंशावळ उभी आहे आणि भाडेकरूच्या बाजूला एकटी मावशी. हे वाक्य टाकण्यामागे मालकाची भीती आहे, भाडेकरूच्या वारसांनी घरावर हक्क सांगू नये ही. ठीक आहे. पण मग करार जर फक्त तिच्यापुरता होता, तर ती गेल्यावर लॉक-इन कोणाचा उरला? हक्क द्यायची वेळ आली की आम्ही कोणी नाही, आणि पैसे कापायची वेळ आली की आम्ही तिच्या जागी उभे. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही.

परवान्याचा मूळ कायदा १८८२ चा, इंडियन ईझमेंट्स ॲक्ट. त्यात परवाना हा माणसापुरता असतो, तो दुसऱ्याला देता येत नाही. त्याच कायद्याच्या कलम ६३ मध्ये एक फार माणुसकीची गोष्ट लिहिलेली आहे: परवाना रद्द झाला तर परवानाधारकाला जागा सोडायला आणि आपलं सामान हलवायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे. वाजवी म्हणजे किती ते मात्र लिहिलेलं नाही. वकिलांशी बोललं तर ते म्हणतात, मुद्दा मजबूत आहे, लढता येईल. पण बेचाळीस हजारांसाठी कोण लढतं? वकिलाची फी, तारखा, पुण्याच्या खेपा. लढण्यासारखा मुद्दा असून कोणी लढत नाही, म्हणून निकाल होत नाही, निकाल नाही म्हणून नियम नाही, आणि नियम नाही म्हणून एजंट सांगेल तेच खरं.

घर रिकामं करणं ही काय गोष्ट असते, हे ज्याने केलं आहे त्यालाच कळतं. मावशीच्या लोखंडी ट्रंकेत इस्त्री केलेले पांढरे दोन युनिफॉर्म होते, निवृत्त होऊन तेरा वर्षं झाल्यावरही. औषधांच्या डब्यावर सकाळ-दुपार-रात्र असं तिच्याच अक्षरात चिकटवलेलं. एका वहीत वाणी, दूध, पेपर, कामवाल्या ताईंचे खाडे, सगळं तारखेनिशी. शेवटची नोंद दवाखान्यात गेली त्या सकाळची: ‘ताईंना २०० उचल.’ आई त्या वहीपाशी दोन तास बसली. तिला उठवणं माझ्या जिवावर आलं, कारण मनात हिशेब चालू होता, दिवसाला ४६७ रुपये. शोकातल्या माणसाच्या डोक्यात भाड्याचा मीटर पळत ठेवणं हे मला फार निष्ठुर वाटतं. ताईंचे दोनशे रुपये सोडून दिले, हे वेगळं सांगायला नको. व्यवहारात कुठे सोडायचं ते साध्या माणसांना बरोबर कळतं. करारातच ती जागा ठेवलेली नाही.

मालकाची बाजू मला दिसते. किंबहुना मला वाटतं, आजच्या गोंधळात मालकही तितकाच अडकतो. त्याच्या घराला कुलूप आहे, आत कोणाचं तरी सामान आहे. ते कुलूप तोडलं आणि उद्या कोणी म्हणालं की आत सोनं होतं, तर? नातेवाईक दोन गट करून आले तर किल्ली कोणाला द्यायची? कोणीच आलं नाही तर किती महिने थांबायचं? घरातच एकट्याने मृत्यू झाला असेल तर पोलीस, पंचनामा, सोसायटीची कुजबुज, आणि पुढचा भाडेकरू मिळेपर्यंतचा काळ. या सगळ्याचं भय मालकाच्या मनात असतं आणि त्याचा परिणाम जिवंत माणसांना भोगावा लागतो. पासष्ट-सत्तरीच्या एकट्या माणसाने भाड्याने घर शोधून बघावं. ‘मुलगा-मुलगी सोबत राहणार का?’ हा पहिला प्रश्न. नाही म्हटलं की घर ‘आत्ताच गेलेलं’ असतं. मावशीला तीन ठिकाणी हे उत्तर मिळालं होतं. चौथ्या ठिकाणी माझं नाव आणि नंबर लिहून घेऊन मग घर दिलं.

जपानमध्ये नेमकी हीच अडचण आली. एकट्या म्हाताऱ्यांना मालक घर देईनात, कारण ते गेल्यावर करार कसा संपवायचा आणि सामानाचं काय करायचं, हा घोर. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने त्यासाठी नमुना कलमं तयार करून दिली: भाडेकरूने जिवंतपणीच एक माणूस नेमायचा, त्याने मृत्यूनंतर करार संपवायचा आणि घरातल्या वस्तूंची विल्हेवाट लावायची. मृत्यूनंतरची वाट आधी आखून दिली की मालकाचा घोर कमी होतो आणि म्हाताऱ्या माणसाला घर मिळण्याची शक्यता वाढते. जर्मनीत सोबत राहणारा जोडीदार आपोआप कराराच्या जागी येतो, पण त्याला नको असेल तर महिन्याभरात तसं कळवता येतं. सोबत कोणी नसेल तर करार वारसांकडे जातो, आणि त्यांना तो खास नोटीस देऊन संपवता येतो, मूळ मुदत कितीही उरलेली असो. तोच हक्क मालकालाही. नेदरलँड्समध्ये मागे सहभाडेकरू नसेल तर मृत्यूनंतरच्या दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस करार संपतो, आणि वारसांना तो पहिल्या महिन्याच्या अखेरीसच संपवता येतो. फ्रान्समध्ये करार पुढे नेण्याचा हक्क असलेलं कोणी मागे नसेल तर तो मृत्यूबरोबरच संपतो. पद्धती वेगवेगळ्या, पण प्रश्नाला उत्तर आहे आणि ते आधीपासून माहीत आहे.

आपल्या केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. त्यात घरगुती भाड्यासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको, ही चांगली गोष्ट आहे. मृत्यूबद्दलही कलम आहे: मालक किंवा भाडेकरू वारला तर उरलेल्या मुदतीसाठी कराराच्या अटी वारसांवर बंधनकारक. हे मला अर्धंच पटतं. नवरा गेला आणि करार त्याच्या एकट्याच्या नावावर, अशा बाईला मुलांची परीक्षा होईपर्यंत कोणी घराबाहेर काढू शकणार नाही, इथपर्यंत ते कलम सोन्यासारखं आहे. आज लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्या त्या बाईचं कागदावर त्या घरात काहीच स्थान नसतं. (म्हणून निदान करार करताना नवरा-बायको दोघांचीही नावं घाला, हे मी भेटेल त्याला सांगतो.) पण तेच बंधन साताऱ्याच्या माझ्या आईवर, जिने त्या घरात एक रात्रही काढलेली नाही? मागे राहिलेल्याला राहायचं असेल तर मुदतभर राहू द्यावं आणि जायचं असेल तर जाऊ द्यावं, निवड त्याची असावी.

भाड्याचा कायदा राज्याच्या हातात आहे, त्यामुळे दिल्लीकडे बघायची गरज नाही. विधिमंडळाने १९९९ च्या कायद्यात एक कलम घालावं: परवानाधारक वारला तर लॉक-इन आपोआप रद्द, मागच्यांनी मृत्यूचा दाखला जोडून लेखी कळवलं की त्या दिवसापासून एका महिन्याचं भाडं, त्यापुढे काही नाही. सामानाची यादी सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर किंवा दोन शेजाऱ्यांसमोर, किल्ली दिल्याची पावती, आणि मग तीस दिवसांत डिपॉझिट परत.

परत कोणाला, याचं उत्तर तर आपल्या हाताशीच आहे. बँकेच्या खात्याला नॉमिनी आहे, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून तर चारपर्यंत नेमता येतात. पीएफला आहे, विम्याला आहे, सोसायटीतल्या मालकीच्या फ्लॅटला आहे. माणसाच्या आयुष्यातली जवळपास प्रत्येक ठेव कोणाच्या तरी नावाने लिहून ठेवलेली असते. भाड्याच्या घराचं डिपॉझिट मात्र लाखा-दीड लाखाचं असलं तरी बेवारस. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, अंगठा लावला, ०.२५ टक्के मुद्रांक भरला, शहरात १,००० रुपये नोंदणी फी भरली की झालं. त्या अर्जात आणखी एक रकाना घालायचा आहे: ‘परवानाधारकाच्या मृत्यूनंतर घराचा ताबा देणारी व डिपॉझिट स्वीकारणारी व्यक्ती’. त्याला कायदा बदलायचीही वाट पाहायला नको.

नॉमिनी पैसे घेऊन बसला आणि इतर वारसांना दिलेच नाहीत तर, असं कोणी विचारेल. नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने स्वीकारणारा असतो, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्येही तेच म्हटलं. वारसांचं भांडण वारसांनी आपसात सोडवावं. मालकाने नॉमिनीला पैसे दिले की तो मोकळा. आज तो ‘उद्या दुसरा कोणी मागायला आला तर’ म्हणून पैसे धरून ठेवतो, आणि त्या भीतीत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही.

‘करार तो करार, सही केली होती ना’ हेही मी ऐकलं. लॉक-इन कशासाठी असतो? माणसाने लहर फिरली म्हणून दोन महिन्यांत घर सोडू नये, मालकाची दलाली आणि रंगरंगोटी वाया जाऊ नये, यासाठी. मरण ही लहर नाही. आणि एका महिन्याचं भाडं मिळून रिकामं, स्वच्छ, वादाशिवाय परत मिळालेलं घर ही मालकासाठी वाईट सौदा नाही.

आमच्या बाबतीत शेवटी मालकांनी लॉक-इन सोडला. एजंटला बाजूला ठेवून मी त्यांच्या घरी गेलो, आई सोबत होती, बोलणं झालं. दोन मामांची ना-हरकत आणि नोटरीचं प्रतिज्ञापत्र घेऊन त्यांनी आईच्या नावाने चेक दिला. पण प्रत्येकाची आई सोबत येऊ शकत नाही आणि प्रत्येक मालक चहा ठेवत नाही.

यंदा माझ्या पुतण्याने कोथरूडला घर घेतलं भाड्याने. मसुदा आला तेव्हा मी एजंटला म्हटलं, ‘इतर अटी’मध्ये दोन ओळी घाला: भाडेकरूचा मृत्यू झाल्यास लॉक-इन लागू राहणार नाही, आणि डिपॉझिट अमुक व्यक्तीला परत करावं. तो म्हणाला, ‘काका, पोरगा सव्वीस वर्षांचा आहे, असलं अशुभ कोण लिहितं?’ घरमालकीण बाई पंचाहत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी चष्मा लावून त्या ओळी दोनदा वाचल्या. मग एजंटला म्हणाल्या, ‘राहू दे ते. आणि खाली माझ्या भाचीचंही नाव टाक. मी गेले तर या पोराने भाडं कोणाला द्यायचं आणि डिपॉझिट कोणाकडे मागायचं?’